मधला खांब

"खांब नेमका टबच्या आड येतोय," टेप गुंडाळत जावईबापू म्हणाले.

मायसी जाऊबाई चुलीपाशी मोहरीचा पाला निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग टब सरकव."

"कुठं सरकवू? तिकडं दरी आहे."

हा कोंग म्हणजे त्यांच्या लेकीचा, पाकूचा नवरा. चियांगमाईत राहतो, बोलायला गोड आणि कामाला वाघ. आमच्या पाटीवर ग्लॅम्पिंग लिहिलंय ते त्याच्याच हौसेनं. आम्ही आपले तंबूच म्हणतो. चार तंबू जाऊबाई आणि भाऊजी चालवतात, स्वयंपाक आणि चादरी माझ्याकडं. पण पलीकडच्या डोंगरावर आता प्रत्येक तंबूत टब आलाय. बँकॉकच्या लोकांना गरम पाण्यात बसूनच ढग बघायचे असतात, त्याला आपण काय करणार? गेल्या थंडीत आमचे दोन तंबू रिकामे राहिले आणि कापडाला बुरशी धरली. भाऊजींचे गुडघे गेलेत, कोबीची शेती आता होणं नाही. धंदा वाढवायचा, नाहीतर गुंडाळायचा, असं येऊन ठेपलं होतं. ढग दिसणारी जागा एकच, आणि तिच्यावर जाऊबाईंचं घर. ते पाडून तिथं टबाचा तंबू उभारायचा, असा कोंगचा बेत.

"घर पाड," जाऊबाई म्हणाल्या. "खांब राहू दे. फेंगची वार आहे त्याच्या बुडाशी."

कोंग हसला. "आई, मी दवाखान्यात जन्मलो. माझी वार कुठल्या बादलीत गेली देव जाणे. मेल्यावर मी काय उघडा फिरणार?"

"तुझं तुझ्या आईला विचार," मी म्हणाले. फार झाला होता त्याचा शहाणपणा.

आम्हा डोंगरातल्या लोकांत बाळंतपणानंतर मुलाची वार घराच्या मधल्या खांबाखाली पुरतात आणि मुलीची आईबापाच्या पलंगाखाली. तो माणसाचा पहिला कोट. मेल्यावर जीव जन्मघरी येतो, तो कोट अंगात घालतो आणि मग पूर्वजांकडं जातो. कोट नाही मिळाला तर थंडीत भटकत राहतो. ज्याचं पोर घरात झोपलंय त्याला हे हसण्यावारी नेता येतं. जाऊबाईंचा मुलगा फेंग कोरियात शेतावर मजुरीला गेला, कागदांशिवाय तिथं राहिला. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. मग बंद झाला, त्याला सहा हिवाळे होऊन गेले. मेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर आवाज नाही. अशा माणसासाठी मेल्या जिवाला घरची वाट दाखवायचं गाणंही म्हणता येत नाही. जाऊबाईंनी ते गाणं म्हणणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्या गायकाला विचारलं होतं, वार नव्या घरी हलवता येईल का. तो म्हणाला, ठेवली तिथंच तो शोधणार, बाई.

पाकू इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "माझीपण आहे ना, आई. त्या पलंगाखाली. तिथं टबची मोरी जाणार आहे. माझ्यासाठी काही सरकवा म्हणालीस का?"

जाऊबाईंचे हात थांबले. त्यांना खरंच सुचलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मला दोघींचंही वाईट वाटलं. मी पाल्याची टोपली उचलून बाहेर नेली.

भाऊजी ओट्यावर गुडघे चोळत बसले होते. जाऊबाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "पाडू या." भाऊजी म्हणाले, "तू म्हणशील तसं." झाला निर्णय.

पावसाळा सरल्यावर घर उतरवलं. जाऊबाई आणि भाऊजी रस्त्याकडच्या सिमेंटच्या खोलीत राहायला गेली. कोंगनं शब्द पाळला, खांब ठेवून त्याच्याभोवती तंबू उभारला. पॉलिश केलं, वर पितळेचा हूक बसवला. पण बुडाशी माती उघडी ठेव असं जाऊबाईंनी म्हटलं होतं, तिथं फळ्या ठोकल्या.

"किडे येतात, आई. गिऱ्हाईक पळेल."

जाऊबाई फळ्यांकडं बघत राहिल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवसापासून मात्र त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

थंडीत पहिलं गिऱ्हाईक आलं, बँकॉकचं तरुण जोडपं. सकाळी आम्ही पेज घेऊन गेलो तर ती दोघं बाहेर फोटो काढत होती. आत खांबाच्या हुकावर पुरुषाचा काळा कोट लटकत होता, दवानं ओला.

जाऊबाईंनी हातातली किटली माझ्याकडं दिली. त्यांनी कोट उतरवला, बाहेर शेगडीवर धरला. एक बाही, मग दुसरी, उलटीसुलटी करून सावकाश वाळवला. मी चला म्हणाले, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

तेवढ्यात तो मुलगा परत आला. कोट बघून ओशाळला. "अहो मावशी, कशाला त्रास? छान आहे हो सगळं. तेवढा खांब काढा, टबातून ढग दिसत नाहीत."

"काढू," जाऊबाई म्हणाल्या. "मुलगा यायचाय माझा. तो येऊन गेला की काढू."

"कधी येणार?"

"माहीत नाही, बाळा."

मुलानं कोटासाठी हात पुढं केला. जाऊबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या आत गेल्या, कोट परत खांबावर अडकवला, कॉलर नीट केली आणि खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावत बसल्या.