फाटक बंदच होतं

प्राण्यांच्या निवाऱ्यातून फोन आला तेव्हा सोफेवाला एका जुन्या खुर्चीच्या स्प्रिंगा बांधत होता. फोन लेकीने घेतला. पलीकडची बाई सांगत होती की एक म्हातारा कुत्रा आलाय, डावा कान फाटलेला, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, आणि तुमच्या जाहिरातीतल्या फोटोशी तंतोतंत जुळतोय. "बाबा, ढब्बू सापडला!" लेक ओरडली. सोफेवाल्याच्या हातून दोरी सुटली आणि बांधून झालेल्या स्प्रिंगा एकामागून एक वर उसळल्या.

ढब्बू हरवल्याला पाच वर्षं झाली होती. बायकोचा दमा विकोपाला गेला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात केसाळ जनावर नको. बायकोने ते कानाआड केलं. ढब्बू तिचा जीव की प्राण, झोपायचाही तिच्या पलंगाखालीच. मग एके दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या असताना सोफेवाल्याने त्याला टेम्पोत चढवलं, दीड तास लांब एका लाकडाच्या वखारीपाशी उतरवलं आणि गाडी पिटाळली. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण आरशात दिसलंच. ढब्बू बराच वेळ धावत होता. घरी सांगितलं, फाटक उघडं राहिलं.

लेकीने जाहिराती छापून आणल्या. त्या खांबाखांबावर चिकटवायला तोच तिच्याबरोबर हिंडला. बायकोला आठ महिन्यांत दम्याने नेलंच. तेवढे दिवस ती खिडकीशी बसून ढब्बूला हाका मारायची. धाप लागली की थांबायची आणि पुन्हा मारायची. ती गेली आणि घर शांत झालं, असं लेकीला वाटलं. सोफेवाल्याने शिलाईचं मशीन थांबवलं की त्याला मागच्या खोलीतून ती हाक ऐकू यायची, मधल्या धापेसकट. म्हणून तो मशीन थांबवत नसे. लोक म्हणत, बायको गेल्यावर गडी कामाला जुंपलाय.

निवाऱ्यात ढब्बू आधी लेकीकडे गेलाच नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, तरी वासावर सरळ सोफेवाल्याकडे आला आणि त्याच्या गुडघ्यांत डोकं खुपसून कण्हू लागला. वाटेत सोफेवाल्याने मनाची तयारी केली होती की हा गुरगुरेल, कदाचित चावेलही. चावला असता तर बरं झालं असतं.

टेम्पोपाशी मात्र ढब्बू जमिनीला चिकटला. चारही पाय लटपटत होते. उभ्या जागी त्याने मुतलं.

निवाऱ्याची बाई म्हणाली, गाडी दिसली की हा असंच करतो, कुणीतरी गाडीतून नेऊन सोडलेला असणार. लेक हसून म्हणाली की छे, आमचा कधी गाडीत बसलाच नाही, तो फाटकातून निसटला होता. बोलता बोलता तिने बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"बाबा, त्या दिवशी घरी तुम्हीच होतात ना?"

"फाटक बंदच होतं," तो म्हणाला.

मग बाकीचंही त्याने सांगितलं, तिथेच, टेम्पोच्या दाराला धरून. लेकीने एकच विचारलं.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

तिने ढब्बूला उचलून घेतलं आणि मागे फोमच्या गुंडाळ्यांत त्याला मांडीवर घेऊन बसली.

घरी ढब्बूने खोल्या हुंगल्या. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबला. नेमकी तेव्हाच सोफेवाल्याला हाक ऐकू आली. ढब्बूने मान वर केली आणि रिकाम्या पलंगाकडे बघत हळूहळू शेपूट हलवायला लागला. लेकीने तोंडाला ओढणी लावली. तिने काही ऐकलं की नाही, हे विचारायची सोफेवाल्याची छाती झाली नाही.

त्यानंतर लेक बापाशी कामापुरतं बोलायची, औषधाच्या वेळा, दुधाचं. कुत्र्याचं अंथरूण तिने आपल्या खोलीत घातलं. तरी सकाळी तो जिना उतरून खालच्या कारखान्यात यायचा, मशीनखाली शिरायचा आणि सोफेवाल्याच्या पावलावर हनुवटी टेकून झोपून जायचा. पायडल मारावं तर तो जागा होणार. मशीन बंद राहायचं आणि सोफेवाला पाय न हलवता, ती हाक ऐकत बसायचा.