एकोणीस सपाट दिवस

दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल. बोटभर उरलेली, मधोमध दातांच्या खुणा, आणि एका टोकापाशी कातरलेली खाच – तिथे दोरी बांधलेली असायची, कारण बंदराच्या धक्क्यावर हातातून सुटलेली वस्तू परत मिळत नाही. शाई फुटते, पेन्सिल फुटत नाही, असं बाबा म्हणत. आणि एक टोक मोडलं म्हणून पाणी काही थांबत नाही, तेव्हा दुसरं तयार हवं. तिनं पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. ती घरंगळत कडेपर्यंत गेली. तिनं ती पुन्हा मधे ठेवली. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते आणि त्यांच्या वस्तूंपैकी एवढी एकच तिनं विभागात आणली होती... का आणली, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

अकरा वाजता नोकरी-मेळाव्यात बोलायचं होतं. पृथ्वी आणि सागर विज्ञान शिकलेल्यांनी पुढे काय करावं, या विषयावर ती दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे बोलत असे, आणि यादी दरवर्षी तीच – भूजल, खाणी, बंदरं, हवामान खातं, किनाऱ्याची बांधकामं, शिक्षकी पेशा, विमा कंपन्या. विमा म्हटलं की मुलं हसत. मग ती सांगे की काय बुडणार आहे हे ज्याला आधी कळतं त्याला सगळीकडे मागणी असते, आणि मुलं हसायची थांबत. यंदा या वाक्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती, आणि मग ती रेघ खोडली होती.

दारावर टकटक न करता चौकशी आत आली. चौकशी हे तिचं नाव नव्हे. विभागातल्या खडकवाल्या सरांनी ते ठेवलं होतं, कारण ही मुलगी प्रत्येक तासाला चार प्रश्न विचारी आणि त्यातला एक तरी असा असे की सरांना घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. तिच्या हातात छापलेला आलेख होता. तो तिनं टेबलावर पसरला, पेन्सिल उचलून बाजूला ठेवली, आणि एका जागी बोट टेकवलं.

"मॅडम, इथे समुद्र झोपलाय."

आलेख काय आहे ते पाहायची गरज नव्हती. हा प्रकल्प तिनंच दिला होता. छापील कोष्टकातली भरती-ओहोटी म्हणजे चंद्रसूर्याचं नुसतं गणित. प्रत्यक्ष पाणी वाऱ्यानं, हवेच्या दाबानं, लांबवरच्या वादळानं त्याच्यापेक्षा वर-खाली होत राहतं, म्हणून मोजलेल्यातून कोष्टकातलं वजा केलं की मागे उरते एक दातेरी, अस्वस्थ रेघ. बंदराच्या धक्क्यावरच्या चौतीस वर्षांच्या नोंदींची ती रेघ कागदभर थरथरत गेली होती, आणि चौकशीच्या बोटाखाली एकोणीस दिवस ती थरथरत नव्हती. सरळ, सपाट, शून्यावर. आजाऱ्याच्या खाटेशेजारच्या यंत्रावर दिसू नये तशी.

यंत्र बिघडलं असेल का, असं चौकशीनं विचारलं. तेव्हा यंत्र नव्हतं, ती म्हणाली, धक्क्याच्या खांबाला रंगवलेली पट्टी होती आणि माणूस ती वाचायचा.

"मग माणूसच –" चौकशी थांबली. तो माणूस कोण, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं.

पुढचं चौकशी खाली बघत, भराभर बोलली. हवामान खात्याच्या नोंदी तिनं ताडून पाहिल्या होत्या. त्याच दिवसांत एक वादळ किनाऱ्याला घासून गेलं होतं. म्हणजे पाणी चढलंच असणार. किती, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि भिंतवाले साहेब आज मेळाव्याला यायचे होते. समुद्राकाठची नवी भिंत त्यांच्या कंपनीची. याच चौतीस वर्षांतलं सर्वांत उंच पाणी धरून, वर हातभर ठेवून त्यांनी तिची उंची ठरवली होती. पुढच्या महिन्यात माथ्याचं काँक्रीट ओतायचं होतं. मागे वसाहत, शाळा, सगळं तयार. चौकशीला त्यांच्याकडेच नोकरी लागली होती, पत्र तिच्या पिशवीत होतं.

"लिहू का हे? की 'नोंद उपलब्ध नाही' म्हणून ते दिवस सोडून देऊ? तुम्ही म्हणाल तसं करते, मॅडम."

मेळावा झाल्यावर बघू, असं ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं तिला नवल वाटलं.

मग ती जिन्यानं खाली आली, खडकांच्या नमुन्यांच्या कपाटांसमोरून, प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर कुठे, कधी, कुणी... आणि चालता चालता तिनं मनातल्या मनात बाबांचं वकीलपत्र घेतलं. एकोणीस दिवस. चौतीस वर्षांत एकोणीस. आई दवाखान्यात होती त्या वर्षी. कुठला नवरा बायकोच्या उशाशी बसायचं सोडून पट्टी वाचायला जाईल? कोष्टक खिशात असायचंच. बसल्या जागी दोन आकडे उतरवले, झालं. वाकून काम करणाऱ्या माणसाच्या हातून एकदा असं झालं तर त्यावरून त्याची सगळी वर्षं पुसायची का, आणि तीही तो खुलासा द्यायला उरलेला नसताना? युक्तिवाद चांगला होता. फारच चांगला होता. इतक्या लवकर, इतका पूर्ण कसा काय सुचला...

फोन वाजला. आत्या होती. बाबांचं कपाट रिकामं करत होती ती. त्यांचा रेनकोट टाकायचा का ठेवायचा, एवढंच विचारायला फोन. तो कोट म्हणजे चाळणी झाली आहे, तरी तुझ्या बापानं जन्मभर सोडला नाही, असं म्हणून ती हसली आणि मग तिनं नाक ओढलं. तिनं आत्याला सहज विचारावं तसं विचारलं, आई आजारी होती तेव्हा बाबा धक्क्यावर जात होते का गं.

"छे, तो कुठला हलतोय दवाखान्यातून. तूच जायचीस की. एवढीशी होतीस, गळ्यात पेन्सिल अडकवून. मी ओरडायचे त्याच्यावर, पोरीला कशाला पाठवतोस म्हणून. म्हणायचा, तिला येतं."

रेनकोट ठेव, असं मी म्हणाले. फोन ठेवला.

मला येत होतं. अकरा वर्षांची होते, आणि लाट वर-खाली होत असताना मधलं पाणी कसं धरायचं ते मला येत होतं. रोज शाळेच्या आधी आणि नंतर जायचं, भरतीचा आकडा चिठ्ठीवर, ओहोटीचा आकडा चिठ्ठीवर. रविवारी बाबा चिठ्ठ्या मोठ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवत आणि फाडून टाकत. नोंदीत फक्त त्यांचं अक्षर उरे. पहिले काही दिवस मी गेलेही. मग वारा सुटला. धक्क्याच्या फळ्या खालून वाजायला लागल्या, फटींतून पाणी वर उडायला लागलं, आणि त्या संध्याकाळी मी निम्म्या वाटेवरून परत फिरले, घरी कोष्टक उघडलं आणि त्यातला आकडा चिठ्ठीवर लिहिला. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. वारा पडल्यावरही मी गेले नाही – ते सोपं होतं, आणि आई घरी येईल तेव्हा जाऊ, असं मी ठरवलं होतं.

आई घरी आली नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाबांनी साठलेल्या चिठ्ठ्या समोर घेतल्या. एक पाहिली. दुसरी पाहिली. मग सगळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि बराच वेळ पाहत बसले. चौतीस वर्षांतली कितीतरी त्यांची तेव्हाच सरली होती. समुद्र एकोणीस दिवस कोष्टकाबरहुकूम वागत नाही, हे त्यांना चिठ्ठ्या हातात घेताक्षणीच कळलं असणार. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल उचलली आणि एकेक आकडा उतरवला, नेहमीइतक्याच सुवाच्य अक्षरात. पुढे कधी, एका शब्दानं... मात्र त्यानंतर दर रविवारी ते मला धक्क्यावर नेत, पट्टी वाचायला लावत, आणि स्वतः मागे उभे राहत. मला वाटे, ते मला शिकवताहेत. मी शिकलेही. त्यावर नोकरी मिळाली, हा विभाग मिळाला.

सकाळपासून ती त्यांची वकिली करत होती. आरोपी दुसराच होता.

सभागृह भरलं होतं. भिंतवाले साहेब मोकळे, गप्पिष्ट गृहस्थ; तुमच्या खडकवाल्या सरांकडून मी माणसं पळवायला आलोय, असं म्हणून त्यांनी मुलांना हसवलं, पडद्यावर भिंत दाखवली, आणि सांगितलं की ही भिंत सिमेंटवर नव्हे, एका माणसाच्या सचोटीवर उभी आहे. तो माणूस म्हणजे मॅडमचे वडील. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतली मुलं मान वळवून तिच्याकडे पाहू लागली.

शेवटच्या रांगेत चौकशी उभी राहिली. तिनं मॅडमकडे पाहिलं नाही. अगदी हळू आवाजात तिनं साहेबांना विचारलं, की त्या वर्षांत एखादं पाणी येऊन गेलं असेल आणि त्याची नोंदच झाली नसेल, तर?

साहेब हसले. "नोंदीत नसलेल्या पाण्याला मी भिंत कशी बांधू, बाई?" आणि माइक तिच्याकडे सरकवत म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला. तुमच्या बाबांनी कधी नोंद चुकवली?"

माइक थंड होता. बाबांचं नाव राखायचं की नाही, हा प्रश्न हातात धरूनच ती जिना उतरली होती. आता तो हाताला लागेना. त्याच्या जागी एक जिना होता, दुसराच – धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्याचा, दगडी, समुद्राकडे उतरणारा. मी त्या संध्याकाळी निम्म्या वाटेवरून परत फिरले, हे खरं. पण फिरायच्या आधी थांबले होते. तिथून तो जिना दिसायचा. सात पायऱ्या. मोठ्यातल्या मोठ्या भरतीला खालची एक ओली होई, फार तर. घाबरलेलं मूल मोजतं. मीही मोजलं होतं, आणि कधीही, कुणालाही, मला स्वतःलासुद्धा ते सांगितलं नव्हतं. आकडा इतकी वर्षं तिथेच उभा होता, न पुसलेला, कुणी उतरवून घेईल म्हणून.

तिनं माइक तोंडाशी धरला. साहेब अजून हसत होते. चौकशी उभीच होती.

सातांतल्या चार पायऱ्या कोरड्या होत्या, चारच, आणि मी पाठ फिरवली तेव्हा पाणी अजून चढत होतं.