टाकीतला अंगारा

आमची पिकअप पहिल्यांदा बंद पडली ती येरमाळ्याच्या चढाला, मागं दुधाचे बारा कॅन असताना. आमचे ड्रायव्हर रेवणप्पा, त्यांनी बोनट उघडलं, इकडंतिकडं पाहिलं, दहा मिनिटं थांबून चावी फिरवली, तर चालू. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "म्हातारी झाली ती. माझ्यासारखीच दम खाते." आम्ही दोघंही हसलो.

गाडी आमच्या ह्यांनी बावीस वर्षांपूर्वी जुनीच घेतली होती. तेव्हापासून ती रेवणप्पांच्याच हातात. ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा भर दुपारी ह्याच गाडीच्या पुढच्या सीटवर त्यांना आडवं करून रेवणप्पांनी धाराशिवचा दवाखाना गाठला होता. गाडी कुठं अडखळली नाही. ह्यांना दोन वर्षं जास्त मिळाली. हे सगळं मला तारखेसकट आठवतं. माझी आठवण चांगली आहे असं घरीदारी सगळेच म्हणतात आणि मला त्याची घमेंड होती.

त्यानंतर गाडी वरचेवर बंद पडू लागली. सपाटीला ठीक चालायची, चढाला आचके देऊन मरायची आणि थोड्या वेळानं काही न करता चालू व्हायची. बजरंग मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, हातपंप मारून हवा काढली. दोन दिवस बरे जायचे की पुन्हा तेच. वैशाखाचं ऊन. दोनदा दूध नासलं. पुण्याहून माझा मुलगा युवराज फोनवर म्हणाला, "आई, गाडी भंगारात दे."

ते ऐकून माझं डोकं फिरलं. आणि तेव्हाच मला एक जुनी गोष्ट आठवली. रेशनवर रॉकेल मिळायचं त्या काळात आमच्या गावातला एक जीपवाला डिझेलात रॉकेल मिसळायचा. त्याची जीप चढाला अशीच मरायची. एकदा हे मनात आलं आणि तिथंच बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध संकलन केंद्रावर गेले. वीस-पंचवीस माणसं कॅन घेऊन उभी होती. त्या सगळ्यांसमोर मी रेवणप्पांना विचारलं, "डिझेलात रॉकेल घालता का हो तुम्ही?"

"रॉकेल?" ते हसले. "वैनी, आता रॉकेल दिव्याला मिळंना. म्या कुठनं आणू?"

लोकही हसले. त्या हसण्यानं मी जास्तच पेटले.

"मग पाणी घालत असाल. डिझेल काढून इकायचं आन् तेवढं पाणी वतायचं. चोरी ती चोरीच."

आता कुणी हसलं नाही. रेवणप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी घातली, पुन्हा खांद्यावर ठेवला. मग म्हणाले, "उद्या बजरंगकडं टाकी सोडवू. तुमी संगट या. तुमच्या डोळ्यांदेखत सोडवू. पाणी निघालं तर चावी तिथंच ठिवतो."

मी गेले. बजरंगनं मला झाडाखाली खुर्ची दिली. त्यानं आधी टाकीची नळी सोडवली, डिझेलचा एक डबा टपावर बांधला आणि त्यातून नळी थेट इंजिनाला दिली. रेवणप्पा गाडी चढावर नेऊन दोनदा फिरवून आले. एकदाही बंद पडली नाही.

"इंजिन खणखणीत हाय," बजरंग म्हणाला. "खोट टाकीतच हाय, आक्का."

मी रेवणप्पांकडं पाहिलं. 'बघा, म्हटलं नव्हतं का' असं माझ्या तोंडावर असणार. त्यांनी ते पाहिलं असणार.

टाकी उतरवली. घमेल्यात डिझेल ओतलं. तळाला पाण्याचा थेंब नव्हता.

"सोच्छ हाय की," बजरंग म्हणाला. मग त्यानं आत बॅटरी मारली, तार घातली आणि ओढत ओढत काहीतरी बाहेर काढलं. प्लास्टिकची चपटी पुडी. "सापडलं! इंजिन वढाय लागलं की ही जाऊन नळीच्या तोंडाला चिकटायची. बंद पडलं की सुटून तरंगायची. म्हून दहा मिन्टांनी चालू व्हायची. काय हाय ही... आरं, अंगारा!"

पुडीवर देवीचं चित्र होतं. येरमाळ्याच्या येडाईचं.

चैत्री पुनवेला मी तिच्या जत्रेला गेले होते. जत्रेच्या रिवाजाप्रमाणं चुनखडी वेचून आले, येताना अंगारा आणला. बैल आजारी पडला की सासूबाई पेंडेत अंगारा कालवून त्याच्या पोटात घालायच्या. कपाळाला नुसता लावून काय होतं, पोटात गेला पाहिजे, असं त्या म्हणायच्या. गाडी बंद पडायच्या आधीपासूनच युवराज ती विकायचं म्हणत होता. ती टिकावी म्हणून मी कुणी नाही असं बघून टाकीचं झाकण उघडलं. चिमूटभर घालायचा होता. पुडी फाडता फाडता बोटांतून निसटली. तोंडाची जाळी कधीच मोडली होती, ती सरळ आत गेली. वाकून पाहिलं तर काळोख. देवीचंच आहे, राहू दे, म्हणून झाकण लावलं. आणि विसरले. चाळीस वर्षांपूर्वीचा जीपवाला आठवला, महिन्यापूर्वीचं स्वतःचं बोट आठवलं नाही.

शेजारच्या हॉटेलातली माणसं जमली होती. एक जण म्हणाला, "रेवणप्पा, गाडीला नवस फेडाय लावला का काय?"

रेवणप्पांनी पुडी पाहिली, मग एकवार माझ्याकडं. माझा पदर तोंडावर होता.

"म्याच टाकली," ते म्हणाले. "म्हटलं गुण यील."

"साठीला आलाव की वो! अंगारा पाजणारा डायवर!" सगळे खदखदून हसले. रेवणप्पाही हसले. मी पदर तोंडावर तसाच धरून खुर्चीत बसून राहिले.

येताना गाडी चढ सरसर चढली. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. दुसऱ्या वेळी ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, वैनी."

मी राहू दिलं. चार दिवस. गावात पोरंसोरं त्यांना 'अंगारा डायवर' म्हणू लागली. मी ओसरीवर बसून ऐकत होते.

पाचव्या दिवशी युवराजचा फोन आला. "बजरंगनं सांगितलं मला. टाकीत पुड्या टाकतोय तो माणूस, आई. वय झालं त्यांचं. पुढच्या महिन्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो."

मी म्हणाले, "पुडी म्या टाकली."

तो म्हणाला, "त्यांना वाचवायला सांगतीयस तू."

स्वतःच्या मुलाला माझं खरं खोटं वाटलं.

मी चपला घातल्या. संकलन केंद्रावर तीच माणसं, तेच कॅन. रेवणप्पा मागच्या फळीला दोरी बांधत होते. त्यांनी मला येताना पाहिलं आणि बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली.

युवराजचा फोन मी चालूच ठेवला होता. तो पुढं धरून मी म्हणाले, "ऐका. पुडी म्या टाकली व्हती. ह्या माणसानं न्हाय. आन् ह्याच जागी म्या ह्यांना चोर म्हणले, तेबी ऐकलंय तुमी."

एक रिकामा कॅन कलंडला, त्याचं झाकण घरंगळत गेलं. फोनमधून युवराज "आई, आई" करत होता.

रेवणप्पांनी गाठ आवळली. झाकण उचलून कॅनवर बसवलं.

"वैनी, बाजूला व्हा," ते म्हणाले. "ऊन चढलंय. दूध नासंल."

ते हसले नाहीत. मी बाजूला झाले.