जयाची ट्यूब

बाळकुमच्या जनाबाईचे गुडघे गेले, तसा ठाण्याच्या मासळीबाजारातली तिची जागा कोणत्या सुनेला, हा प्रश्न घरात आला. थोरली मालू निर्धास्त होती. धाकट्या जयाची जीभ गोड, गिऱ्हाईक राखण्यात ती पटाईत. पण तिचे हात बर्फाने आणि खाऱ्या पाण्याने नुसते सोलून निघाले होते. खाज, भेगा, भेगांतून गळणारी लस. असल्या हातची कोळंबी कोण घेणार? मालूला वाईट वाटायला हवं होतं. तिला हायसं वाटलं.

मग ठाण्याच्या चामडीच्या डॉक्टरांनी जयाला मलमाची ट्यूब दिली. मालू सोबत होतीच. "हे जंतूंचं काम नाही," डॉक्टर म्हणाले, "अंगातली राखणीची फौजच चवताळून आपल्या कातडीवर उठलीय. हे मलम तिला शांत करतं. पातळ लाव, पंधरा दिवस, फक्त हातांना."

आठ दिवसांत जयाचे हात नितळ झाले, वर उजळलेही. जनाबाईने ते हातात घेतले. "सोन्यासारखं हात झालं गो पोरी!"

मालूच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी तिने फडताळातली ट्यूब उचलून कमरेला खोचली. जया शोधू लागली तेव्हा ही बयाही तिच्यासोबत घरभर शोधत फिरली! आणि रोज दोन वेळा ते मलम स्वतःच्या तोंडाला फासू लागली. हात उजळतात तर तोंड का नाही? बाजारात आधी तोंडच दिसतं.

तोंड खरंच उजळलं. जयाचे हात पुन्हा फुटले. "पुढल्या महिन्यापासून बाजारात मालू बसंल," जनाबाई म्हणाली.

तेवढ्यात ट्यूब संपली. चार दिवसांत मालूचं तोंड लालभडक झालं, पुटकुळ्या, उन्हात नुसती आग. जयाच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"जिथे भांडणच नव्हतं, तिथे ते मलम कशाला लावलंस?" डॉक्टरांनी तोंड बघूनच विचारलं. "मिळालं कुठून?"

मालूचा हात नकळत कमरेच्या खोचेकडे गेला, आणि जयाने तो पाहिला.

"ट्यूब मीच दिलेली," जया म्हणाली. "माझी चूक."

डॉक्टरांनी जयाला नवी ट्यूब दिली. मालूला म्हणाले, तोंडाला मलमाची सवय लागली, ते सुटलं की असं उसळतं; उन्हात जाऊ नकोस, बरं व्हायला महिने लागतील.

रस्त्यात जया आता शिव्या घालील, म्हणून मालू वाट बघत राहिली. जयाने तिचा पदर तोंडावर ओढून दिला. "उनात नको राहू, जाऊबाय. तू बरी होईपर्यंत बाजारात मी बसते. मंग जागा तुझीच."

शिव्या घातल्या असत्या तर मालू रडून मोकळी झाली असती. आजवर तिने जयाच्या जिभेचा हेवा केला, हातांचा केला. आता तिच्या चांगुलपणाचाही वाटू लागला, आणि तो काही फडताळातून उचलता येणार नव्हता.