अगदी मापाचं

संध्याकाळी देवगडच्या घरापुढच्या खळ्यात, बाबांनी समीक्षाला निवडीसाठी आणलेल्या तलवारबाजीच्या जॅकेटांपैकी तिसरं चढवायला लावलं.

"झेप घे गो. हात लांब कर."

जॅकेट कमरेवरून वर सरकलं नाही. बाबांनी गळ्याशी दोन बोटं घालून पाहिली, बगलेची दुहेरी शिवण ओढून पाहिली.

"बाबा, लग्नाचो शालू निवडतास काय?"

"शालूक कोण तलवार मारता?"

लहानपणी ते वाढत्या अंगाचे कपडे आणत आणि ती नावं ठेवी. हे मात्र अगदी मापाचं होतं.

पहाटे बाबा झोपेतच गेले.

पुढच्या स्पर्धेत समोरचीचं पातं समीक्षाच्या बरगडीवर आदळून वाकलं. जॅकेट जागचं हललं नाही. मुखवटा काढून ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुमी आणलेला माका आवडला."