अठ्ठावीस-ग

माझ्या सहीच्या सात पत्रांत अठ्ठावीस-ग या नियमाचा हवाला होता, आणि असा नियम आमच्या विद्यापीठात नाही. कधीच नव्हता. हे मला शुक्रवारी दुपारी, डबा उघडा असताना कळलं.

सांगितलं जयसिंगरावांनी. ते आमचे उपकुलसचिव. पणजोबा होळकरांच्या दरबारात होते, आणि पणतू परीक्षेच्या साध्या सूचनेतही दोन पानं आदबीने बोलतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अध्यादेशाचं पुस्तक इतकं वाचलंय की आता उघडावंही लागत नाही. गुडघ्याच्या दुखण्यामुळे आठवडाभर रजेवर होते. परत आल्या आल्या त्यांनी जावक फाइल मागवली आणि पोळीचा घास हातात धरून वाचत बसले.

"मंजिरीजी, हा अठ्ठावीस-ग कुठून आणलात?"

"पुस्तकात असेल ना, साहेब."

"पुस्तकात अठ्ठावीस-क आहे, अठ्ठावीस-ख आहे. त्यानंतर सीधा एकोणतीस."

मी डबा बाजूला सारला.

आता झालं ते सरळ सांगते. परीक्षेचा फॉर्म उशिरा भरू द्या, असे त्रेसष्ट अर्ज आले होते. आमची क्लार्क भावाच्या लग्नाला उज्जैनला गेलेली. माझ्या हातात तीन दिवस. त्यातून माझा स्वभाव तापट, गर्दी झाली की मी आधी माणसांवर चिडते आणि मग कामावर. आवक रजिस्टरात प्रत्येक अर्जापुढे एका ओळीत कारण लिहिलेलं असतं: आजारपण, घरगुती, फी उशिरा. ती यादी मी एआयला दिली. नावं, रोल नंबर, फोन सगळं काढून दिली बरं का! त्याचं आमचं ट्रेनिंग झालेलं आहे. पहिल्या रांगेत बसून मी दोन प्रश्नही विचारले होते. मुलांची माहिती मशीनला द्यायची नाही, ही पहिली सूचना मी तंतोतंत पाळली. मशीनने लिहिलेलं तपासून घ्यायचं, ही दुसरी.

'घरगुती' म्हणजे नकार, हे मीच ठरवलं, तेही रजिस्टरातली ओळ बघून. असे सात होते. आणि आमच्याकडे नकाराच्या पत्रात नियमाचा नंबर लागतोच. नंबर नसेल तर फाइल वरून परत येते, असेल तर कोणी पुस्तक उघडून बघत नाही. म्हणून मी मशीनला लिहिलं, योग्य तो नियम क्रमांक घाल. तिने घातला. इतक्या रुबाबात घातला की मी सही करून मोकळी झाले.

"मशीनने गडबड केली, साहेब," मी म्हटलं.

"मशीनशी माझं काही भांडण नाही." खरंच नव्हतं. ते स्वतः तिच्याकडून आपल्या लांबलचक सूचना छोट्या करून घेतात, 'कृपया' लिहून सुरुवात करतात आणि काम झालं की आभार मानतात. "पण तिच्याकडे नंबर मागायचा नाही. तिला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता आलं असतं."

मला इतका राग आला! त्यांचा नाही, माझाच. पण चेहरा बहुतेक तसाच झाला असावा, कारण त्यांनी आपल्या डब्यातली बर्फी माझ्याकडे सरकवली आणि ते सात मूळ अर्ज काढून वाचायला बसले. सहांना नकारच जाणार होता, फक्त खऱ्या नियमाने. सातव्या अर्जावर ते थांबले.

"ही यामिनी. बी.एससी.चं शेवटचं सेमेस्टर. वडील अस्पतालात भरती, सर्टिफिकेट जोडलंय. अठ्ठावीस-खमध्ये हिला परवानगी मिळते. मिळायलाच हवी होती."

पोर्टल त्याच दिवशी पाच वाजता बंद होणार होतं. घड्याळात अडीच. फॉर्म गेला नाही तर पोरीचं वर्ष गेलं, आणि ते मी घालवलेलं असणार. अर्जावर एकच फोन नंबर होता, वडिलांचा. मी सहा वेळा लावला. कोणी उचलेना.

"पत्ता पोलोग्राउंडचा आहे, कारखान्याचा. खडखडाटात फोन काय ऐकू येणार?" जयसिंगराव उठले. "चला, स्कूटर काढा."

गुडघा धरत ते मागे बसले, मांडीवर फाइल. कृष्णपुऱ्याच्या पुलावर जाम. मी हॉर्नवर हॉर्न देत होते आणि मागून साहेब शांतपणे म्हणत होते, "भिया, जरा जाऊ द्या, परीक्षेचं काम आहे," आणि लोक खरोखर बाजूला होत होते.

कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन लेथ आणि तेलाचा वास. एका लेथवर यामिनीच उभी होती, केस रुमालात बांधलेले. कोपऱ्यात खुर्चीवर तिचे वडील देवदत्त बसले होते, उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. विद्यापीठातून आलोय म्हटल्यावर ते धडपडत उभे राहिले.

"अरे, मॅडम खुद्द आल्या! यामिनी, मशीन बंद कर. चहा सांग."

यामिनीने लेथ बंद केली, पण चहा सांगायला गेली नाही. मी एका दमात सांगून टाकलं: पत्र चुकीचं गेलं, परवानगी आहे, फॉर्म आत्ताच्या आत्ता भरायचा.

"मी तो नियम शोधला होता, मॅडम," ती म्हणाली. "अठ्ठावीस-ग. वेबसाइटवर, लायब्ररीत, दो दिन. नाही मिळाला. मला वाटलं, मलाच शोधता येत नाहीये. युनिव्हर्सिटीच्या लेटरमध्ये थोडीच गलत असणार."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अठ्ठावीस वर्षं मी या विद्यापीठाचा पगार खातेय, आणि तपासायचं काम माझ्याऐवजी या मुलीने केलं. वर स्वतःलाच दोष दिला.

जयसिंगरावांनी तिथल्याच स्टुलावर फाइल टेकून परवानगीची टीप लिहिली, सही केली आणि तिच्याजवळ बसून मोबाइलवर फॉर्म भरून घेऊ लागले. मला करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून मी देवदत्तांना विचारलं, "हाताला काय झालं हो?"

फॉर्मवरून नजर न काढता यामिनी म्हणाली, "अर्जात लिहिलं होतं, मॅडम. चार पानं."

देवदत्तच माझ्या मदतीला धावले. "बेटा, इतने अर्ज येतात. मॅडमच्या काय काय लक्षात राहणार? वाचलं असेल, विसरल्या असतील."

किती सोपं होतं! 'हो' म्हटलं असतं की संपलं असतं. जयसिंगराव चष्मा पुसत होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी बहुधा भांडले असते.

"नाही," मी म्हटलं. "मी वाचलाच नव्हता. रजिस्टरात 'घरगुती' एवढंच लिहिलं होतं, तेवढंच मी पाहिलं. पत्र एआयने लिहिलं. मी एका दुपारी त्रेसष्ट सह्या केल्या, त्यातली एक तुमच्या पत्रावर."

यामिनीने पहिल्यांदा मान वर केली. देवदत्त मात्र भलत्याच विचारात पडलेले दिसले.

"मग ती ओळसुद्धा?" त्यांनी विचारलं. "'आपल्या कुटुंबावर आलेल्या प्रसंगाबद्दल आम्हाला मनापासून सहानुभूती आहे'? हिने मला अस्पतालात वाचून दाखवली होती. मी दोनदा वाचायला लावली. हिला म्हटलं, नाही म्हणाले तर म्हणाले, पण बघ किती प्रेमाने लिहिलंय. आजपर्यंत एकाही ऑफिसातून मला असं पत्र नाही आलं."

"तीसुद्धा," मी म्हटलं.

ते बँडेजकडे बघू लागले. आता रागावतील, असं मला वाटलं. रागावावं, अशी इच्छाच होती.

"फॉर्म गेला!" जयसिंगराव म्हणाले. "चार वाजून बावीस मिनिटं." यामिनीने मोबाइल छातीशी धरला आणि रुमालाने डोळे पुसले. रुमालाचं तेल गालाला लागलं.

देवदत्त हसले. डाव्या हाताने बाजूची खुर्ची पुसून त्यांनी माझ्यासमोर ओढली.

"बसा, मॅडम. त्या एआयने म्हटलं ते झालं. आता तुम्ही म्हणा."

मी बसले. ते सुंदर वाक्य मला पाठ झालेलं होतं, पण तोंडातून निघेना. मी त्यांचा बँडेज बांधलेला हात हळूच माझ्या हातात घेतला.

"फार दुखतंय का हो?" मी विचारलं, आणि मग ते मला पहिल्यापासून सगळं सांगू लागले.