मोर की कोंबडी

देवानंदने चाकू पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो स्वतः हळदीने माखलेला होता आणि चाकू तेलाने. त्या घडीला दोघांचंही रूप काही बघण्यासारखं नव्हतं, पण देवानंदला फक्त चाकूचं दिसलं.

लाकडी मूठ, तिला लाल रंग, तोही हाताला लागणारा. मुठीच्या टोकाला पत्र्याची टोपी. दोन खिळे, एक बसलेला, दुसरा अर्धवट उठलेला. पातं काळपट, मुठीत मिटणारं, आणि त्याच्यावर ठसा. ठसा मोराचा असावा. पण ठोकणाऱ्याचा हात हलला होता, किंवा त्याने मोर कधी पाहिलाच नव्हता. देवानंदने पातं उन्हात धरलं तर कोंबडी दिसली.

"हा?" तो म्हणाला.

"मंग का तलवार पायजे होती?" ठकूबाई म्हणाली.

ठकूबाई त्याची आत्या, हिंगणघाटची. लग्नातलं काय कधी करायचं ते तिच्या तोंडपाठ. हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड, त्याच्या टोकाला लिंबू, आणि अक्षता पडेपर्यंत ते हातातून सुटायचं नाही. घराण्याची कट्यार होती. ती आणायचं काम भाऊराव काकांकडे होतं. काकांनी पानाचा डबा आणला, उशी आणली, चार बनियनी आणल्या, आणि कट्यार गावच्या कोठीत विसरून आले. मग सकाळीच सायकल काढून कोहक्याच्या बाजारातून साडेचार रुपयांत हा चाकू घेऊन आले.

"लोखंडाले लोखंड आहे," काका म्हणाले. "देव का भाव इचारते?"

देव विचारत नसेल, सासुरवाडी विचारणार होती. देवानंद पोलादाच्या प्लांटमध्ये, हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून. नवरी सत्यभामेचे वडील, नरहरी, तिथेच रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये अधिकारी. पाहायला गेला त्या दिवशी त्याच्या शर्टाच्या खिशात बॉलपेन गळलं होतं. सत्यभामेने एकच प्रश्न विचारला होता, "पाणी आणू का, डागाले?" तेव्हापासून तिने आपलं काय काय पाहिलं याची यादी तो मनात बाळगून होता. यादीत सध्या एकच नोंद होती, शाईचा डाग. दुसरी कोंबडी व्हावी अशी त्याची इच्छा नव्हती.

त्यात चाकूला अंगचा ताठपणा नव्हता. टोकाला लिंबू खोचलं की त्याच्या वजनाने पातं हळूहळू मिटायला लागे. अंगठा दाबून धरावा लागे. देवानंद धरी, कंटाळे, लिंबू काढून मिटवी, टक. उघडी, लिंबू खोची. पाटावरून उठे, खिडकीशी जाई, सेक्टरचा मोकळा रस्ता पाही, परत येई. टक.

"कावून खेळून राहिला त्याच्याशी?" ठकूबाई पुरणात हात घालूनच म्हणाली. "ते का खुळखुळा आहे?"

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा भैयालाल आला. टाइम ऑफिसातला मित्र, शेजारच्या टेबलाचा. चाकू पाहून तो दाराला टेकून हसला.

"यार, बारात ले के जा रहा है के भाजी काटने?"

देवानंदने फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतकी लाचारी होती की भैयालालचं हसू थांबलं. तो स्कूटर घेऊन गेला आणि वीस मिनिटांत परतला. हातात त्याच्या मेव्हण्याचा चाकू होता, मुंबईहून आणलेला. पांढरीशुभ्र मूठ, पातं आरशासारखं, उघडलं की खटका बसे आणि हलत नसे. त्यात देवानंदने स्वतःचा चेहरा पाहिला. हळदीचा, पण बरा दिसला.

भैयालालने सैपाकघरातून नवं लिंबू लांबवलं. जुना चाकू लिंबासकट कागदात गुंडाळून त्याच्या स्कूटरच्या डिकीत गेला. देवानंदच्या हाताला आता अंगठा दाबायचं काम उरलं नाही. तरी तो दाबतच राहिला.

मुहूर्त गोरजाचा. वऱ्हाड ऊन उतरता उतरता वैशाली नगरात पोचलं. दाराशी सत्यभामेची आजी उभी होती. तुळसाबाई, पाठीत वाकलेली, पण डोळ्याने तेज. त्यांच्याकडे रीत होती. नवरदेव उंबऱ्याशी आला की घरातल्या थोरल्या बाईने त्याच्या लोखंडावरचं लिंबू काढून चिरायचं आणि दोन फोडी दोन बाजूंना फेकायच्या.

हे ठकूबाईला माहीत होतं. देवानंदला कोणी सांगितलं नव्हतं.

तुळसाबाईने लिंबू काढलं, चिरलं, पण फेकलं नाही. फोडी डोळ्यांजवळ नेल्या.

"हे पिवळं कावून?"

"लिंबू आहे आजी," देवानंद म्हणाला.

"ते दिसून राहिलं मले. सकाळपासून लोखंड खुपसलं अन् काळं नाही पडलं?"

"स्टील आहे ते. स्टील म्हणजे लोखंडच की."

"आमच्या घरी स्टीलचं ताट आहे," तुळसाबाई म्हणाली. "रोज लिंबू पिळतो त्याच्यात. काळं पडत नाही. म्हणून तं घेतलं."

नरहरींचा जन्म रुळांचं लोखंड लाटण्यात गेला होता. ते काही तरी समजावायला पुढे झाले, आईचा चेहरा पाहून पुन्हा मागे झाले. ठकूबाईने चाकू हातात घेऊन उलटापालटा केला.

"अन् म्या देल्ला तो कुठं हाय?"

तुळसाबाईने थेट देवानंदकडे पाहिलं. "हातातून सोडला होता का, जावईबापू?"

"नाही, नाही," भाऊराव काका मधेच म्हणाले, "सकाळपासून मी सोता पाहून राहिलो..."

नाही म्हणणं सोपं होतं. काकांनी तर अर्धं म्हणूनही टाकलं होतं. बँडवाले थांबले होते, भटजी दर मिनिटाला घड्याळ पाहत होते, आणि बाजूच्या खिडकीचा पडदा जरा हलल्यासारखा वाटत होता. देवानंदने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, दुसऱ्यावरचा पहिल्यावर.

"सोडला," तो म्हणाला. "दुपारी."

"कावून?"

"साडेचार रुपयांचा होता. अन् त्याच्यावर मोर नाही, कोंबडी आहे."

खिडकीआड बांगड्या वाजल्या. कोणी तरी तोंड दाबलं असावं.

भैयालाल कोणी न सांगताच स्कूटरकडे गेला होता. त्याने कागद सोडला. तुळसाबाईने ते लिंबू ओढून चिरलं. आत पात्याच्या रुंदीची चीर पडली होती, शाईसारखी काळी. तिने ती आधी ठकूबाईला दाखवली, मग नरहरींना, आणि फोडी दोन बाजूंना फेकल्या.

"हातातून सोडाले नव्हता पायजे," ती म्हणाली. "पण खोटं नाही बोलला. चला, येळ होऊन राहिली."

दुसरं लिंबू आलं, जुन्या चाकूच्या टोकाला बसलं. देवानंद अंगठा दाबून उंबरा ओलांडून आत गेला.

अक्षता पडल्या. पंगत बसायच्या आधी दोघांना खुर्च्यांवर बसवलं. चाकू ठेव असं त्याला कोणी सांगितलंच नाही, म्हणून तो हातातच होता. लिंबू कधीचं घरंगळून गेलं होतं. तो मिटवत होता, उघडत होता. टक. टक.

"दाखवा," सत्यभामा समोर पाहत म्हणाली.

आता यादीत काय लपवायचं राहिलं होतं? त्याने चाकू दिला. तिने नखाने पातं उघडलं आणि ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं.

"कोंबडी कुठं आहे? बदक आहे हे."

देवानंद वाकून पाहायला लागला. चोच चपटी होती खरी.

"मोर असेल," तो उगाच म्हणाला.

"बदकच," सत्यभामा म्हणाली. तिने चाकू मिटवला आणि तो परत घ्यायला पुढे आलेल्या त्याच्या हाताकडे पाहिलं. "राहू द्या माझ्याजवळ. मघापासून तुम्ही याले घडीभर बसू देऊन नाही राहिले."

आणि पदराखाली मुठीत धरून ठेवला. देवानंदने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तरी उजवा अंगठा बराच वेळ, नसलेल्या पात्यावर, दाबलेलाच राहिला.